तुला सोपं पडंल ते

संध्याकाळी काय करायचं, हा प्रश्न मला दुपारच्या चहाबरोबर यायचा आणि चहा संपला तरी जायचा नाही. मी कराडला माती परीक्षण केंद्रात काम करते. समोर बशीत कुणाच्या तरी रानातली माती, हातात परीक्षानळी आणि डोक्यात वांगं की घेवडा. घरी विचारावं तर उत्तरं ठरलेली. नवरा धैर्यशील म्हणायचा, "काहीतरी वेगळं कर की." वेगळं म्हणजे काय, असं विचारलं की त्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. मुलगी ईश्वरी नववीत. तिला काय नको हे पक्कं माहीत असायचं, काय हवं ते नाही. आणि माझे सासरे, आप्पा, मी या घरात आल्यापासून एकच वाक्य म्हणत आलेत: "तुला सोपं पडंल ते कर, पोरी."

या वाक्याचा मला भयंकर राग यायचा. ऐकायला किती समजूतदार, पण सगळा भार फिरून माझ्याच डोक्यावर. एकदा मी आमटीत मीठच घालायला विसरले होते. आप्पा माझ्याआधी जेवायला बसले होते. त्यांनी वाटी पुसून खाल्ली, हात धुतला आणि एक शब्द न बोलता गॅलरीत जाऊन बसले. पुढं धैर्यशीलनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं तेव्हा मला कळलं. या म्हाताऱ्याला जीभच नाही, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

सासूबाई होत्या तोवर निदान विचार करायला जोडीला कुणीतरी होतं. भाकरी मी त्यांच्याकडून शिकले. तरुणपणी परसात पाय घसरून पडल्यापासून त्यांचा डावा हात कोपरात सरळ व्हायचा नाही. तरी त्यांची एका हातानं थापलेली भाकरी माझ्या दोन हातांच्या भाकरीपेक्षा गोल असायची. काय करायचं हे त्यांचं सकाळीच ठरलेलं असायचं. संध्याकाळवर काही ठेवायला त्या घाबरतात की काय, असं वाटण्याइतकी त्यांची घाई असायची. त्या गेल्या आणि स्वयंपाकघरात मी आणि माझा प्रश्न, दोघंच उरलो.

मग सांजसखी आली.

तोवर कराडात बऱ्याच घरांतून ती आली होती. ओट्यावर ठेवायचा ताटाएवढा पडदा, त्यातून बोलणारा बाईचा आवाज, आणि घरातल्या प्रत्येकाच्या दाढेला चिकटवलेला तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तो बसवून घ्यायचा, की काम झालं. धैर्यशील कुरकुरत तयार झाला. आप्पा तयार होतील असं मला वाटलं नव्हतं, पण ईश्वरीनं गळ घातली आणि ते म्हणाले, "नातीचा हट्ट हाय, बसवा कुठं बसवायचं ते."

त्यामागचं शास्त्र काही अवघड नाही. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दाढेसमोर एक बारीक छिद्र असतं. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथं उघडते. आवडीचा पदार्थ समोर आला की मेंदू या ग्रंथीला तयारीचा निरोप धाडतो. नुसतं नाव ऐकून माणसाची लाळ फारशी वाढत नाही, असं पूर्वी धरून चालत. वाढ इतकी थोडी की मोजणार कशानं? या संवेदकाला मात्र थेंबाचा बारीकसा अंशही कळत होता. नळीतून येणारी धार किती वाढली, तिच्यातले क्षार किती बदलले, हे मोजून तो शंभरपैकी आकडा द्यायचा. एकच पदार्थ सारखा खाल्ला की आकडा उतरायचा, मध्ये खंड पडला की चढायचा. तेव्हा कशात किती खंड टाकायचा, याचा हिशेब सखीकडे असायचा. आणि उलटही होतं. माणूस घाबरला, हादरला की हेच मज्जातंतू लाळ आवरती घेतात, तोंड कोरडं पडतं. तेव्हा पडद्यावर त्या माणसाची रेघ तळाला जायची. परीक्षेच्या आठवड्यात ईश्वरीची रेघ तळालाच असायची.

रोज दिवेलागणीला सखी दहा-बारा पदार्थांची नावं घ्यायची, चौघांचे आकडे जुळवायची आणि सांगायची, आज हे करा. आकड्यांच्या वर कंपनीनं ठळक अक्षरात लिहिलं होतं: इच्छा.

पहिले काही आठवडे मजेत गेले. शेपूचं नाव काढलं की शिव्या घालणाऱ्या ईश्वरीच्या तोंडाला शेपूच्या नावानं पाणी सुटतं, हे उघडकीला आलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी इतकी वर्षं मान मोडून केलेली पावभाजी कुणालाच मनापासून आवडत नव्हती. धैर्यशीलला वेगळं म्हणजे उडदाचं घुटं हवं होतं, जे त्याच्या आईनंतर मी केलंच नव्हतं. मग माडगं झालं, शेंगोळ्या झाल्या, अख्खा मसूर चिंचेऐवजी आंबट चुक्याची पानं घालून झाला. आप्पांचा आकडा तेवढा कशालाच तिसाच्या वर जायचा नाही. जीभच नाही, हे माझं मत पक्कं झालं.

एके दिवशी मी कणीक मळत होते. आप्पा गॅलरीत जपाला बसले होते. सखी नावं घेत होती: मेथीचं पिठलं, दोडक्याची भाजी, मटणाचा रस्सा.

पडद्यावर आप्पांची रेघ उभी राहिली. अठ्ठ्याऐंशी.

मी कणकेच्या हातानं पडदा पुसला. आकडा तोच. गॅलरीत बघितलं, तर आप्पांचे डोळे मिटलेले, बोटं मण्यावर थांबलेली आणि गळ्याशी आवंढा वर-खाली झालेला मला स्पष्ट दिसला.

आता हे सांगायला हवं की आप्पा माळकरी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तुळशीची माळ घातली, तेव्हापासून घरात मटण-मासे सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. धैर्यशील आणि ईश्वरी बाहेर खायचे, घरी तोंड धुऊन यायचे. यंत्र लावताना ईश्वरीनं 'मिश्र आहार' हे बटण दाबलं होतं, म्हणून सखी तिथवर पोचली.

धैर्यशीलला सांगितलं तर तो खाटेवर बसूनच राहिला.

"अठ्ठ्याऐंशी? नक्की आप्पांचाच?"

"दाढ त्यांची, आकडा त्यांचा."

"आणि मी दर रविवारी पाटलाच्या मळ्यावर जाऊन वरपतो." त्याचा चेहरा पडला. "माळ का घातली, ते कधी बोलले नाहीत. मी चार वर्षांचा होतो. आई म्हणायची, देवाची ओढ लागली त्यांना."

"मन मारून कशाला जगायचं?" दारातून ईश्वरी म्हणाली. "आप्पांचं वय किती झालंय! आता तरी खाऊ दे ना."

मला काय वाटत होतं ते मला सांगता येत नव्हतं. ज्या माणसाला जीभ नाही म्हणून मी मोकळी झाले होते, त्याला आमच्या तिघांहून मोठी भूक होती. ती दिसूनही शेपू-दोडका वाढत राहायचं, हा छळ नव्हे का? आणि वाढायचं, तर चाळीस वर्षांच्या माळेचं काय? मी ते नाव सखीतून काढून टाकू शकत होते. काढलं नाही. दर दोन-चार दिवसांनी ती ते घ्यायची आणि आप्पांचा आकडा चढत होता. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणल्याचा धडा मी शाळेत शिकले होते, तरी इथं घंटा आपण वाजवतोय हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या तरुणानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, खरं सांगू का? आम्ही फक्त पाणी मोजतो. वर 'इच्छा' लिहिलंय ते जाहिरातवाल्यांनी."

"मग मी काय करू?"

"ते यंत्राला नाही कळत," तो म्हणाला, आणि सेवेला किती तारे देणार ते विचारून त्यानं फोन ठेवला.

हे खरं तर मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. लोक माझ्याकडे माती घेऊन येतात. नत्र किती, पालाश किती, हे मी सांगते. पण काय पेरायचं, हे मातीच्या आकड्यातून निघत नाही. रोज हे लोकांना ऐकवणारी मी, स्वतःच्या ओट्याशी उभी राहिले की विसरले.

मी मधला मार्ग काढला आणि स्वतःवर फार खूश झाले. कच्चा फणस आणला. शिजला की त्याचे तंतू मटणासारखेच सुटतात. माहेराहून आईचा मटणाचा मसाला मागवला. सुकं खोबरं काळपट होईतो भाजलं, कांदा जाळावर धरला, खसखस, तीळ, खडा मसाला, सगळं पाट्यावरच्यासारखं बारीक वाटलं. रश्श्यावर लाल तवंग आला. माळेला धक्का नाही आणि जिभेची हौसही भागली. एवढं सोपं कुणाला कसं सुचलं नाही, असं मला वाटत होतं. वासानं खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकू वर येऊन गेल्या. "माळकऱ्याच्या घरात?" त्यांनी विचारलं. मी झाकण उघडून फणस दाखवला.

रविवार होता. सगळे एकदमच बसले. आप्पा ताटासमोर आले आणि उभेच राहिले.

"फणस आहे आप्पा," मी घाईनं म्हणाले. "नुसता मसाला तेवढा मटणाचा."

ते बसले. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. ओट्यावरच्या पडद्यावर आकडा शहाण्णव झाला. ईश्वरीनं मला कोपरानं ढोसलं. आप्पांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, भराभर, वर न बघता. असं जेवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग त्यांचा हात थांबला. ते ताटावरून उठले.

आप्पा भरल्या ताटावरून उठले, हे पहिल्यांदा. हात धुवायला गेले असं आम्हाला वाटलं. दार वाजलं तेव्हा कळलं की ते खाली उतरलेत.

अर्धा तास झाला तरी आले नाहीत. फोन खुंटीवरच्या सदऱ्यात. धैर्यशील विठ्ठल मंदिराकडे पळाला, कारण आप्पा दुसरीकडे कुठं जाणार? मी खाली औषधाच्या दुकानात विचारलं, तर मालक म्हणाले, "स्टँडच्या अंगाला गेले की आत्ता. हाक मारली, वळले पण नाहीत."

स्टँडमागच्या गल्लीत देशी दारूचं दुकान आहे. त्याच्या समोर बंद पानटपरी आणि टपरीला लागून बाकडं. बाकड्यावर आप्पा बसले होते. नजर दुकानाच्या दारावर, गळा मोकळा आणि उजव्या मुठीत माळ.

मी शेजारी बसले. "फणसच होता," असं काहीतरी मी पुन्हा बोलले.

"ठावं हाय," आप्पा म्हणाले. "फक्कड झाला हुता. त्येच तर झालं."

दुकानातून एकजण तोंड पुसत बाहेर आला. आप्पांनी मान फिरवली.

"माळ घालून आत जाता येईना. म्हणून काढली. मग ठिवायची कुठं त्ये कळंना. खिशात ठिवावी तर खिशात घालून आत न्ह्यायची का? बाकड्यावर ठिवली तर कुणी उचलंल. म्हणून बसलोय हातात धरून."

"आप्पा, आत कशाला जायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला खरंच काही माहीत नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"मटण आलं की त्येच्यासंगं बाटली यायची, पोरी. एकटं मटण मी कधी खाल्लंच न्हाई. तुमचं त्ये यंत्र नाव घेतंय मटणाचं, तोंडाला पाणी सुटतंय बाटलीचं. त्येला फरक कळत न्हाई."

मग मूठ उघडून माळेकडं बघत बोलले.

"तुझ्या सासूचा हात. परसात पडली म्हणून सांगायची ती समद्यास्नी. पडली न्हवती. रश्श्यात मीठ कमी पडलं हुतं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"हाडवैद्याकडनं आली, मोडका हात गळ्यात बांधलेला. चांगल्या हातानं ही माळ घातली माझ्या गळ्यात. म्हणाली, आता ही तुटली तर मी न्हाई ऱ्हात. चाळीस वर्सं झाली. ती गेली तरी सोडली न्हाई." त्यांनी नाक पुसलं. "तुला रोज कोडं पडतंय, आज काय करू. तिला बी पडायचं. पर तिला भ्या वाटायचं गं."

मला त्यांचा संताप आला. सासूबाईंचा तो वाकडा हात, परातीत गोल फिरणारी भाकरी, सकाळीच उरकून टाकायची ती घाई, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि शेजारी बसलेल्या या माणसापासून उठून लांब जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, दारूच्या दुकानासमोर माळ ठेवायला जागा नाही म्हणून अडून बसलेल्या म्हाताऱ्याची मला दयाही येत होती. दोन्हीतलं खरं कुठलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

"घाल," त्यांनी माळ माझ्यापुढं धरली.

माझा हात पुढं झाला नाही. "तुम्हीच घाला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, स्वतःच घातली. उठताना म्हणाले, "धैर्याला सांगायचं का न्हाई, त्ये तू ठरीव."

"मी नाही ठरवणार. धैर्यशीलच्या आईचा हात होता. तुम्ही सांगायचं, आप्पा, तुमच्या तोंडानं. माझ्या नाही."

घरी आल्यावर धैर्यशील विचारत राहिला आणि आप्पा उपाशीच झोपले. मी रश्श्याचं पातेलं शिंदेकाकूंकडे देऊन आले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या मी सखीचा आवाज बंद केला. संवेदक काढायला डॉक्टरची वेळ घ्यावी लागणार होती, म्हणून पडद्यावर रेघा तेवढ्या चालू राहिल्या. चौघांची नावं आणि वर तो शब्द, इच्छा. कोणतंही नाव न घेणारं स्वयंपाकघर फार शांत वाटत होतं. प्रश्न पुन्हा माझ्यापाशी आला.

मी गॅलरीच्या दारात गेले. "आप्पा, आज काय करू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तुला सोपं पडंल ते कर, पोरी."

आत सोफ्यावर धैर्यशील हसला. "ऐकलंस? कालच्या गोंधळानंतरही तेच. जन्मात कधी एक पदार्थ सांगितला नाही या माणसानं."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. बिनमिठाची ती आमटी आठवली, पुसलेली वाटी आठवली. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी ताटावर काही मागितलं नव्हतं, काही कमी पडलं म्हणून सांगितलं नव्हतं. मी त्याचा राग करत आले होते.

पिठलं करायचं ठरवलं. खरोखरच सोपं म्हणून. फोडणी दिली, पीठ सोडलं, झाकण ठेवलं आणि भाकरीला बसले. तेवढ्यात गॅलरीतून आप्पांची हाक आली.

"धैर्या, हिकडं ये. बस जरा."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. माझी नजर पडद्यावर गेली. आप्पांची रेघ आधीच तळाला टेकली होती, शून्य. धैर्यशीलची नेहमीसारखी, पिठल्याच्या वासानं जरा वर चढलेली. आप्पा काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, आवाज तेवढा येत होता, हळू, मध्ये थांबत. मी पिठाचा गोळा हातात घेऊन बघत राहिले. धैर्यशीलची रेघ थोडी हलली, मग एकदम खाली आली आणि आप्पांच्या रेघेशेजारी तळाला जाऊन बसली.

मी पडदा ओट्यावर पालथा घातला. परात पुढं ओढली आणि भाकरी थापायला लागले, एका हातानं. गॅलरीतलं बोलणं माझ्या कानावर येऊ नये म्हणून जरा जोरातच थापत राहिले.